मी वाचत होतो, तेवढ्यात फोन वाजला: स्पॅनिशमधला चालू आणि मध्येच तुटलेला भूतकाळ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे प्रश्न मराठी बोलणाऱ्यांना स्पॅनिश शिकताना हमखास पडतात. स्पॅनिश शब्द इथे देवनागरीत, लॅटिन अमेरिकेतल्या उच्चाराला धरून लिहिले आहेत. स्पेनच्या बऱ्याच भागात 'कोनोसी' हे 'कोनोथी' असं ऐकू येईल, तेवढं मनाशी धरा. स्पॅनिश लिपीतली आघातचिन्हं देवनागरीत दाखवायची सोय नाही, म्हणून जिथे आघातावरच अर्थ ठरतो तिथे ते शब्दांत सांगितलं आहे.

मुळात दोन भूतकाळ कशाला? एकाने का भागत नाही?

आपलं तरी कुठे भागतं? 'मी पत्र वाचलं' म्हटलं की पत्र वाचून झालं, विषय मिटला. 'मी पत्र वाचत होतो' म्हटलं की ऐकणारा थांबतो आणि विचारतो, 'बरं, मग?' स्पॅनिशमध्ये पहिलं 'लेई ला कार्ता' आणि दुसरं 'लेईआ ला कार्ता'. फरक शेवटच्या एका 'आ'चा, पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोरचं चित्र पार बदलतं.

पहिल्या रूपाला इंदेफिनीदो म्हणतात, दुसऱ्याला इम्पेर्फेक्तो. इम्पेर्फेक्तो म्हणजे सदोष नव्हे, तर अपुरा. शाळेच्या व्याकरणातला आपला 'अपूर्ण भूतकाळ' हाच शब्द आहे. मात्र एक गैरसमज सुरुवातीलाच काढून टाकू. काम शेवटी पूर्ण झालं की अर्धवट राहिलं, याच्याशी इम्पेर्फेक्तोला काही देणंघेणं नाही. पत्र नंतर वाचून संपलं असेलही. आपण ज्या क्षणाबद्दल बोलतोय त्या क्षणी वाचन चालू होतं, एवढंच तो सांगतो.

पुस्तकागणिक या काळांची नावं वेगळी का दिसतात?

कारण नावांवर एकमत नाही. परदेशी विद्यार्थ्यांच्या पुस्तकांत सहसा 'प्रेतेरितो इंदेफिनीदो' असतं, तर स्पॅनिश भाषेची रॉयल अकादमी त्यालाच 'प्रेतेरितो पेर्फेक्तो सिंप्ले' म्हणते. मेक्सिकोतलं शालेय पुस्तक हाती पडलं तर इम्पेर्फेक्तोच्या जागी 'कोप्रेतेरितो' दिसेल. हे नाव आंद्रेस बेल्यो या कराकसमध्ये जन्मलेल्या विद्वानाचं. त्याने १८४७ मध्ये चिलीत खास लॅटिन अमेरिकेतल्या लोकांसाठी स्पॅनिशचं व्याकरण छापलं आणि त्यात काळांना नवी नावं दिली. 'को' म्हणजे सह: दुसऱ्या एखाद्या भूतकाळाच्या सोबतीने चालणारा भूतकाळ. माझ्या मते इम्पेर्फेक्तोला याहून नेमकं नाव कुणी दिलेलं नाही. तो एकटा आला की अधांतरी वाटतो, सोबत मिळाली की लगेच अर्थ लागतो.

इम्पेर्फेक्तोची रूपं पाठ करायला किती वेळ लागेल?

एक संध्याकाळ. स्पॅनिशमधला हा सगळ्यात गरीब काळ आहे. 'आर'ने संपणाऱ्या क्रियापदांना आबा, आबास, आबा, आबामोस, आबाइस, आबान हे प्रत्यय लागतात: आब्लाबा म्हणजे बोलत होतो किंवा बोलत होता. 'एर' आणि 'ईर'वाल्यांना ईआ, ईआस, ईआ, ईआमोस, ईआइस, ईआन: कोमीआ, बिबीआ. अनियमित क्रियापदं तीनच. 'सेर'चं (असणं) एरा, 'ईर'चं (जाणं) ईबा, 'बेर'चं (बघणं) बेईआ. संपली यादी.

'मी' आणि 'तो/ती' यांचं रूप एकच असतं, त्यामुळे 'लेईआ' म्हटल्यावर कोण वाचत होतं ते संदर्भावरून कळतं. नाही कळलं तर 'यो' किंवा 'एया' आधी जोडायचं. उलट आपल्याकडे 'वाचत होतो' आणि 'वाचत होते' यातून बोलणारा पुरुष की बाई ते कळतं. स्पॅनिश क्रियापद त्या भानगडीत पडत नाही.

खरी डोकेदुखी इंदेफिनीदोची. अनियमित रूपांची फौज आहे तिथे, आणि वर आघाताचा खेळ. 'आब्लो'मध्ये 'आ'वर जोर दिला तर 'मी बोलतो', 'ब्लो'वर दिला तर 'तो बोलला'.

'मी वाचत होतो, तेवढ्यात फोन वाजला' हे स्पॅनिशमध्ये कसं म्हणायचं?

'लेईआ क्वांदो सोनो एल तेलेफोनो.' किंवा 'एस्ताबा लेयेंदो क्वांदो सोनो एल तेलेफोनो.'

जे चालू होतं ते इम्पेर्फेक्तोत, जे मध्येच येऊन धडकलं ते इंदेफिनीदोत. यापुढचं सगळं या एका वाक्याचाच विस्तार आहे, म्हणून ते तोंडात बसेपर्यंत म्हणा.

इथे 'क्वांदो' या शब्दाकडे नीट बघा. शब्दकोशात त्याचा अर्थ 'जेव्हा' दिलेला असतो, आणि तिथेच आपण फसतो. मराठीत आपण असं सहसा 'जेव्हा'ने सांगत नाही. 'मी वाचत होतो, तेवढ्यात फोन वाजला' अशी दोन वाक्यं शेजारी ठेवतो. म्हणून अशा वाक्यातल्या 'क्वांदो'ला 'तेवढ्यात' समजा. वाक्याचा क्रम आपोआप मराठीसारखा होतो: आधी संथ चाललेलं काम, मग क्वांदो, मग दणका. क्रम उलटाही चालतो, 'क्वांदो सोनो एल तेलेफोनो, लेईआ', फक्त आता फोन ही बातमी राहत नाही, मी काय करत होतो ही बातमी होते.

दोन्हीकडे इंदेफिनीदो घातला तर? 'क्वांदो सोनो एल तेलेफोनो, कोंतेस्ते': फोन वाजला तेव्हा मी उचलला. कुणीच कुणाला तोडलं नाही, एकामागून एक घडलं. दोन्हीकडे इम्पेर्फेक्तो घातला तर 'क्वांदो सोनाबा एल तेलेफोनो, कोंतेस्ताबा यो': फोन वाजे तेव्हा तेव्हा मीच उचलत असे.

(फोन उचलण्यासाठी स्पेनमध्ये 'कोहेर' हे क्रियापद सर्रास वापरतात. मेक्सिको, अर्जेंटिना आणि आणखी काही देशांत त्याचा अर्थ अश्लील होतो. 'कोंतेस्तार' दोन्हीकडे बिनधोक.)

'लेईआ' आणि 'एस्ताबा लेयेंदो' यात फरक काय? दोन्हीचा अर्थ 'वाचत होतो'च ना?

वरच्या वाक्यात दोन्ही चालतात आणि अर्थही जवळजवळ तोच. पण 'लेईआ'चा पसारा मोठा आहे. तो 'वाचत होतो' असतो, 'वाचायचो' असतो, आणि जुन्या मराठीतला 'वाची' किंवा 'वाचत असे' हा रीती भूतकाळही तोच. आपण ज्याचे दोन-तीन भाग पाडतो ते स्पॅनिश एकाच रूपात भरते. 'एस्ताबा लेयेंदो' मात्र फक्त त्या क्षणाचं बोलतं: पुस्तक हातात, डोळे पानावर.

म्हणून 'लहानपणी मी खूप वाचायचो' याला 'दे निन्यो लेईआ मूचो' म्हणा. तिथे 'एस्ताबा लेयेंदो' घातलंत तर ऐकणारा बुचकळ्यात पडेल. अपवाद एकच, तक्रारीचा किंवा कौतुकाचा सूर: 'स्येंप्रे एस्ताबा लेयेंदो', म्हणजे जेव्हा बघावं तेव्हा आपला वाचतच बसलेला.

काही क्रियापदांना हा 'एस्ताबा' जोड सोसत नाही. 'तेनेर' (जवळ असणं), 'साबेर' (माहीत असणं) यांना तो लावू नये. जाण्याच्या क्रियापदालाही सहसा नको: 'मी घरी जात होतो' याला 'ईबा आ कासा' पुरतं. 'एस्ताबा येंदो' अगदीच चूक नाही, पण कानाला जड लागतं. कपड्यांचंही तसंच. 'तिने टोपी घातली होती' म्हणजे 'येबाबा उन सोंब्रेरो'. ती टोपी घालण्याची क्रिया करत नव्हती, टोपी डोक्यावर होती.

'एस्ताबा'नंतर येणाऱ्या रूपाला हेरुंदियो म्हणतात. 'आर'वाल्यांना 'आंदो', बाकीच्यांना 'येंदो'. दुर्म्येंदो (झोपत), पिद्येंदो (मागत), दिस्येंदो (सांगत) यांत आतला स्वर बदलतो, तेवढे वेगळे पाठ करा.

'दिवसभर वाट बघत होतो' यात 'होतो' आहे, म्हणजे 'एस्ताबा' ना?

नाही! हा मराठी माणसाचा सगळ्यात मोठा खड्डा आहे, आणि मी स्वतः त्यात कितीतरी महिने पडून होतो.

मराठीला 'दिवसभर', 'रात्रभर', 'दोन तास' यांच्याबरोबर 'करत होतो' चालतं. 'रात्रभर पाऊस पडत होता' हे आपलं रोजचं वाक्य आहे. स्पॅनिश इथे वेगळा हिशेब करते. रात्रभर म्हटलंत म्हणजे सुरुवात आणि शेवट दोन्ही सांगितलेत, पावसाला कुंपण घातलंत. कुंपण घातलेला काळ इंदेफिनीदोत जातो, मग पाऊस कितीही वेळ पडो: 'योब्यो तोदा ला नोचे.' पडत राहिल्याची भावना हवीच असेल तर 'एस्तूबो योब्येंदो तोदा ला नोचे.' 'एस्ताबा' हा 'एस्तार'चा (असणं) इम्पेर्फेक्तो, आणि हे 'एस्तूबो' म्हणजे त्याचाच इंदेफिनीदो. चालूपणाही राहिला आणि कुंपणही.

तसंच 'दिवसभर वाट बघत होतो' म्हणजे 'एस्तूबे एस्पेरांदो तोदो एल दीआ.'

पण म्हणून 'एस्तूबे'ला तेवढ्यातच्या वाक्यात घुसवू नका. 'एस्तूबे लेयेंदो क्वांदो सोनो एल तेलेफोनो' हे बिघडलेलं वाक्य आहे. फोन येतो तो वाचनाच्या मध्येच, आणि 'एस्तूबे'ने तर वाचन आधीच संपवून टाकलेलं असतं. मग तोडायला उरलं काय?

वर्षांचंही हेच. 'बिबी द्येस आन्योस एन सेबीया': सेव्हिलमध्ये दहा वर्षं राहिलो, इंदेफिनीदो. दहा वर्षं म्हणजे केवढा काळ, तरीही. 'क्वांदो बिबीआ एन सेबीया, कोनोसी आ आना': सेव्हिलमध्ये राहत असताना आनाची ओळख झाली. इथे राहणं हा अंगणासारखा पसरलेला काळ आहे आणि त्यात ओळख घडली, म्हणून इम्पेर्फेक्तो. तेव्हा प्रसंग किती वेळ चालला हे मोजत बसू नका. त्याच्या आत उभं राहून बोलताय की बाहेरून, ते बघा.

'काल बाजारात गेलो होतो' याला 'आबीआ ईदो' म्हणायचं का?

दुसरा खड्डा. शब्दशः 'गेलो होतो' म्हणजे 'आबीआ ईदो' हे खरं, पण वाक्याचा अर्थ 'आयेर फ्वी आल मेर्कादो' असा साधा आहे. मराठीत 'होतो' जोडायची सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की तो कुठे कामाचा आणि कुठे नुसता लटकतोय हे आपल्याला जाणवत नाही.

मी एक युक्ती वापरतो. वाक्यातला 'होतो' काढून टाका आणि काय होतं ते बघा.

'काल बाजारात गेलो होतो.' काढा: 'काल बाजारात गेलो.' अर्थ शाबूत. म्हणजे इंदेफिनीदो: फ्वी.

'आना आली तेव्हा मी निघालो होतो.' काढा: 'आना आली तेव्हा मी निघालो.' घटनांचा क्रमच उलटला. म्हणजे इथला 'होतो' खरा आहे: आबीआ सालीदो.

'तो खुर्चीत बसला होता.' काढा: 'तो खुर्चीत बसला.' बसलेल्या माणसाऐवजी बसण्याची हालचाल दिसायला लागली. म्हणजे हे वाक्य स्थिती सांगत होतं: एस्ताबा सेंतादो. बाई असेल तर सेंतादा.

तिसरा प्रकार तुटलेल्या भूतकाळात सारखा येतो, कारण कुणी आत आलं की माणसं बसलेली, झोपलेली, उभी असतात. 'मी आत आलो तेव्हा ती झोपली होती' म्हणजे 'क्वांदो एंत्रे, एस्ताबा दोर्मीदा' किंवा नुसतं 'दोर्मीआ'. 'आबीआ दोर्मीदो' म्हटलंत तर तिची झोप आधीच होऊन गेलेली. उभं असणं म्हणजे 'एस्ताबा दे प्ये'. आणि 'से एस्ताबा सेंतांदो' म्हणजे बसायच्या बेतात होता, गुडघे अर्धे वाकलेले.

एकच प्रसंग सगळ्या काळांत दाखवाल का?

दाखवतो. आना दारात आली. त्या क्षणी मी कुठे होतो?

'क्वांदो येगो आना, साली.' आना आली आणि मी निघालो. ती आल्यावर. बहुधा भांडण आहे.

'क्वांदो येगो आना, सालीआ.' ती आली तेव्हा मी निघतच होतो. दारात गाठ पडली.

'क्वांदो येगो आना, एस्ताबा साल्येंदो.' तेच, पण आणखी जवळून. एक पाय उंबऱ्याबाहेर.

'क्वांदो येगो आना, ईबा आ सालीर.' निघणार होतो. अजून चप्पल घातलेली नाही, आणि ती आल्यामुळे बेत रद्दही झाला असेल.

'क्वांदो येगो आना, आबीआ सालीदो.' मी कधीचाच निघून गेलो होतो. गाठभेट नाही.

'साली' आणि 'सालीआ' यातला 'आ' गिळलात तर दारात भेटायचं सोडून तुम्ही तिला बघून निघून जाता. म्हणून मी सुरुवातीला हा 'आ' मुद्दाम लांबवून म्हणायला सांगतो.

'ईबा आ'बद्दल एक सावधगिरी. पुढे क्रियापद आलं की 'करणार होतो', जागा आली की 'जात होतो'. 'ईबा आ कासा' म्हणजे घरी जात होता. 'ईबा आ कासार्से' म्हणजे लग्न करणार होता.

'असताना' आणि 'वाचता वाचता' यांना स्पॅनिशमध्ये काय आहे?

'असताना'साठी 'म्येंत्रास' किंवा 'क्वांदो', पुढे इम्पेर्फेक्तो. 'म्येंत्रास यो कोसिनाबा, एल लेईआ': मी स्वयंपाक करत असताना तो वाचत होता. दोन्ही कामं समांतर, कुणी कुणाला अडवत नाही, म्हणून दोन्हीकडे इम्पेर्फेक्तो.

'वाचता वाचता झोप लागली' म्हणजे 'मे केदे दोर्मीदो लेयेंदो'. इथे नुसतं हेरुंदियो पुरतं, कारण वाचणारा आणि झोपणारा एकच. 'घरी जाताना पाऊस सुरू झाला' यात मात्र जाणारा मी आणि पडणारा पाऊस. तिथे 'येंदो आ कासा' असं सुरू करू नका, कारण मग पाऊसच घरी निघाल्यासारखा वाटतो. 'क्वांदो ईबा आ कासा, एंपेसो आ योबेर' असं सरळ म्हणा.

काही क्रियापदांचा अर्थ काळानुसार बदलतो म्हणतात. ते पाठच करावं लागतं का?

इंग्रजीतून शिकणाऱ्यांना लागतं. आपल्याला फुकट मिळतं, कारण त्यातल्या बऱ्याच जागी मराठीत मुळातच दोन वेगळी क्रियापदं आहेत.

'साबीआ' म्हणजे माहीत होतं, 'सूपे' म्हणजे कळलं. 'कोनोसीआ' म्हणजे ओळखत होतो, 'कोनोसी' म्हणजे ओळख झाली. 'तेनीआ उना इदेआ' म्हणजे डोक्यात एक कल्पना होती, 'तूबे उना इदेआ' म्हणजे कल्पना सुचली. 'पोदीआ' म्हणजे करू शकत होतो, केलं की नाही ते देव जाणे. 'पूदे' म्हणजे जमलं, 'नो पूदे' म्हणजे नाही जमलं. 'नो केरीआ इर' म्हणजे जायची इच्छा नव्हती, पण कदाचित गेलोही असेन. 'नो कीसे इर' म्हणजे तयारच झालो नाही, गेलो नाही.

मनात मराठी वाक्य 'कळलं', 'सुचलं', 'जमलं' असं झटक्याने आलं की इंदेफिनीदो. 'माहीत होतं', 'येत होतं' असं आलं की इम्पेर्फेक्तो.

'होता' म्हणजे 'एरा', 'फ्वे', 'आबीआ' की 'ऊबो'?

'आबीआ' आणि 'ऊबो' यांचं सोपं आहे. जिथे मराठीत 'झाला' बसतं तिथे 'ऊबो', जिथे 'होता' बसतं तिथे 'आबीआ'. 'ऊबो उन आक्सिदेंते': अपघात झाला. 'आबीआ उन पेर्रो एन ला प्वेर्ता': दारात कुत्रा होता. कुत्रा 'झाला' असं आपण म्हणणार नाही, अपघात 'होता' असंही नाही.

'एरा' आणि 'फ्वे' अवघड आहेत, कारण मराठीत दोन्हीला 'होता' चालतं. 'समारंभ छान होता' असं आपण तो संपल्यावर म्हणतो, आणि स्पॅनिश त्याला 'फ्वे' म्हणते: पूर्ण प्रसंगावरचा शेरा. समारंभाचं वर्णन करत पुढे काही सांगायचं असेल तर 'एरा'. 'ला कासा एरा ग्रांदे': घर मोठं होतं, आता गोष्ट सुरू होणार. इथे सुरुवातीला चुका होतील, होऊ द्या.

'दोन तास वाट बघत होतो, तेव्हा कुठे गाडी आली' हे कसं?

यासाठी स्पॅनिशमध्ये खास रचना आहे: 'येबाबा दोस ओरास एस्पेरांदो क्वांदो येगो एल त्रेन.' शब्दशः 'दोन तास वाहत होतो', जणू ते तास डोक्यावर घेऊन उभे. गाडी आली तोपर्यंत वाट बघणं चालूच होतं म्हणून 'येबाबा', इम्पेर्फेक्तो. हेच 'आसीआ दोस ओरास के एस्पेराबा' असंही म्हणता येतं.

पण दोन तास म्हटलं की कुंपण पडतं असं वर म्हटलं होतं ना? हे कुंपण एकाच बाजूचं आहे. सुरुवात ठाऊक आहे, शेवट गाडी येण्याच्या क्षणापर्यंत उघडा. 'एस्तूबे एस्पेरांदो दोस ओरास' म्हटलंत की दोन्ही बाजू बंद. 'दोन दिवस झोप नव्हती' यालाही हीच रचना: 'येबाबा दोस दीआस सिन दोर्मीर.'

खूणशब्दांची यादी पाठ केली तर चालेल का? 'आयेर' दिसलं की इंदेफिनीदो, 'स्येंप्रे' दिसलं की इम्पेर्फेक्तो?

परीक्षेत काही गुण मिळतील. बोलताना अडचण होईल. 'आयेर आ लास ओचो एस्ताबा सेनांदो', काल आठ वाजता जेवत होतो: 'आयेर' आहे, वेळही नेमकी आहे, तरी इम्पेर्फेक्तो, कारण आठच्या ठोक्याला ताटावर होतो. 'स्येंप्रे कीसे सेर मेदिको': मला कायम डॉक्टर व्हायचं होतं, इंदेफिनीदो.

'दे रेपेंते', 'दे प्रोंतो' (अचानक) आणि 'एन एसो' (इतक्यात) हे शब्द त्यातल्या त्यात भरवशाचे. त्यांच्या मागोमाग जवळपास नेहमी इंदेफिनीदो येतो. आकडाही बरीच मदत करतो: 'फ्वी त्रेस बेसेस', तीनदा गेलो. मोजता आलं म्हणजे संपलं.

स्पेनमधले लोक 'सोनो'ऐवजी 'आ सोनादो' म्हणतात, ते का?

स्पेनच्या मोठ्या भागात आजच्या दिवसातल्या घटनेला 'आ सोनादो' (वाजला आहे) हे जोडरूप वापरतात. मेक्सिको किंवा अर्जेंटिनात तिथे बहुतेक 'सोनो'च. दणक्याचं रूप बदललं तरी मागे चालू असलेलं काम दोन्हीकडे इम्पेर्फेक्तोतच राहतं.

'मी ते वाचत होतो' यात 'ते' कुठे ठेवायचं?

'लो एस्ताबा लेयेंदो' किंवा 'एस्ताबा लेयेंदोलो'. दोन्ही बरोबर. मधोमध मात्र नाही.

एखादा उतारा घेऊन समजावाल का?

'एरा दे नोचे इ योबीआ. यो एस्ताबा लेयेंदो एन ला कामा क्वांदो से फ्वे ला लूस. बुस्के उना बेला, पेरो नो एंकोंत्रे निंगूना. म्येंत्रास बुस्काबा, ओई उन रुईदो: आल्ग्येन यामाबा आ ला प्वेर्ता. ईबा आ प्रेगुंतार क्येन एरा, पेरो एन एसो बोल्ब्यो ला लूस. आब्री. नो आबीआ नाद्ये.'

रात्र होती आणि पाऊस पडत होता. मी अंथरुणात पडून वाचत होतो, तेवढ्यात लाइट गेली. मेणबत्ती शोधली, पण एकही सापडली नाही. शोधत असताना आवाज आला: कुणीतरी दार वाजवत होतं. कोण आहे म्हणून विचारणार होतो, इतक्यात लाइट आली. दार उघडलं. कुणीच नव्हतं.

यातलं शोधणं बघा. काम एकच, पण ते दोनदा येतं: आधी 'बुस्के', मग 'बुस्काबा'. पहिल्यांदा बाहेरून सांगितलं: शोधली, नाही सापडली. दुसऱ्यांदा त्याच शोधाच्या आत शिरलो, कारण त्याच्या मध्येच आवाज ऐकू यायचा होता. तेच काम, तीच रात्र, तोच माणूस. काळ बदलला तो सांगणाऱ्याने जागा बदलली म्हणून. खूणशब्दांच्या यादीतून हे कधीच उलगडलं नसतं.

'यामाबा'ऐवजी 'यामो' म्हटलं असतं तर दार वाजलं आणि थांबलं. 'यामाबा'मुळे ते वाजतच राहतं, आणि शेवटचं 'नो आबीआ नाद्ये' अंगावर येतं.

कॉफी मागताना 'केरीआ उन काफे' का म्हणतात? कॉफी आत्ता हवी आहे ना?

आत्ताच हवी आहे. आपण नाही का म्हणत, 'एक विचारायचं होतं', 'जरा काम होतं तुमच्याकडे'? मागणी भूतकाळात ढकलली की तिची धार कमी होते. 'केरीआ प्रेगुंतार्ले उना कोसा' हे शब्दाला शब्द 'तुम्हाला एक विचारायचं होतं' असंच आहे. फक्त घाईत 'कीसे प्रेगुंतार्ले' म्हणू नका. त्याचा अर्थ विचारायचा प्रयत्न केला, पण राहून गेलं असा होतो, आणि समोरचा उत्तर देण्याऐवजी तुमची पुढची गोष्ट ऐकायला थांबेल.